स्वस्तातलं वैकुंठ

भक्तिपट म्हणजे देव, संत किंवा तीर्थक्षेत्र यांची महती सांगणारा चित्रपट. अल्पखर्ची भक्तिपट हा त्याचाच पोटप्रकार. त्यात नामांकित नट नसतात, चित्रीकरण थोडक्या दिवसांत उरकते, एकच घाट तीन गावांचे घाट म्हणून वापरला जातो आणि चित्रपटगृहात तो लागला तरी आठवडाभर टिकेल याची खात्री नसते. त्याचा खरा प्रेक्षक इतरत्र असतो. पूर्वी तो यात्रेतल्या तंबूत बसे, नंतर देवळाबाहेरच्या टपरीवरून व्हीसीडी घेऊन घरी जाई, आता एकादशीच्या दिवशी मोबाइलवर पाहतो.

या चित्रपटांविषयीचा वाद समजून घ्यायला चाकण ही सोयीची जागा आहे. गावाच्या दक्षिणेला आळंदी आणि नैर्ऋत्येला देहू. शेजारच्या सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. मधल्या माळावर वाहनांचे कारखाने, सुट्या भागांच्या शेड आणि मालट्रकच्या रांगा. एकाच घरात वारीला जाणारी पिढी आणि तीन पाळ्यांत काम करणारी पिढी राहते, आणि दोघांच्या हातात एकच मोबाइल फिरतो. पुढच्या संवादातले नाना चाकणच्या बाजारातले कांदा-बटाट्याचे अडते आहेत, दरसाल आळंदीहून पायी निघणारे. पुतण्या कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासतो. ही दोन खरी माणसे नव्हेत, वादाच्या दोन बाजू आहेत.

उगम

या प्रकाराचा उगम खर्चिक नव्हता आणि निखळ देशीही नव्हता. धुंडिराज गोविंद फाळके यांनी 1910-11च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. भांडवलासाठी विम्याची पॉलिसी आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले. सगळ्या चमूचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनीच केला. पडद्यावर काम करायला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे 1917च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनीच राम केला आणि त्यांनीच सीताही केली.

पुतण्या: म्हणजे नाना, रामाला सीता शोधायला लंकेपर्यंत जायचं कारणच नव्हतं.

नाना: हस बाबा. पण राम पडद्यावर आला की लोक पायातली पायताणं काढून ठेवायचे म्हणतात. सीतेचे दंड पुरुषी आहेत, हे त्यांना दिसत नव्हतं असं वाटतं का तुला? दिसत होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

पुतण्या: फाळक्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्याकडं बाई नव्हती, रीळ महाग होतं, आणि ही विद्या आपल्याकडं त्यांनाच उभी करायची होती. आज हातातल्या मोबाइलवर त्यांच्यापेक्षा चांगलं चित्र निघतं. तरी आजचे हे चित्रपट असे का?

लक्षणे

आजच्या अल्पखर्ची भक्तिपटाचे दोन साचे ठळक दिसतात. पहिला संतचरित्राचा: संत, त्रासलेली बायको, दुष्ट पुरोहित, चमत्कार, जयजयकार. दुसरा आधुनिक चमत्कारकथेचा: देव न मानणारा शहरी नायक, त्याच्यावर कोसळलेले संकट, इस्पितळ, नवस आणि शेवटी सहकुटुंब दर्शन. दोन्हींतली काही लक्षणे इतकी ठरलेली असतात की प्रेक्षक ती आधीच सांगू शकतो.

पुतण्या: दाढी बघा. गालापासून सुटलेली असते. संत अभंग म्हणायला लागले की ओठ एका तालात हलतात, दाढी दुसऱ्या.

नाना: दाढीकडं बघायला कुणी सांगितलं? अभंग ऐक.

पुतण्या: अभंग ऐकतो, तर मागं डोंगरावर मोबाइलचा टॉवर. सतराव्या शतकात!

नाना: आता भंडाऱ्याच्या डोंगरावरून खाली बघितलं तर कारखान्यांचे पत्रेच दिसणार. टॉवर काय त्या निर्मात्यानं उभा केलाय?

पुतण्या: कॅमेरा चार बोटं डावीकडं फिरवता आला असता. त्याला पैसे पडत नाहीत.

इथे पहिला भेद हाती लागतो. गरिबी आणि हयगय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा वाडा उभारता न येणे ही गरिबी. सिमेंटच्या घाटावरच्या चकचकीत फरशा, संतांच्या मनगटावरचा घड्याळाचा पांढरा पट्टा किंवा सुनेच्या नऊवारीतून डोकावणारी चेन चौकटीत राहू देणे ही हयगय. पहिल्या गोष्टीबद्दल प्रेक्षक निर्मात्याला सहज माफ करतो. दुसरीबद्दलही करतो, पण तिथे तो चित्रपटाला नव्हे, देवाला मान देत असतो.

पुतण्या: बरं, गर्दी घ्या. अख्खं देहू म्हणजे अकरा माणसं. पहिल्या प्रसंगात तीच संतांना दगड मारतात, पुढच्यात तीच टाळ घेऊन मागं चालतात. मधे फक्त फेटा बदलतो.

नाना: अरे, माणसं खरोखर तशीच असतात. त्यात चित्रपटाचं काही चुकलं नाही.

पुतण्या: हे मान्य. पण बोलणं? घरात दाणा नाही आणि संतांची बायको म्हणते, ‘हे स्वामी, आज गृहात धान्याचा कणही शेष नाही.’

नाना: आमच्या आजीनं आजोबांना स्वामी म्हटलं असतं, तर त्यांनी आधी वैद्य बोलावला असता.

पुतण्या: मग तुम्हालाही खटकतं तर!

नाना: खटकतं. तुकोबांची भाषा आपल्या शिवारातली. त्यांच्याच घरात अशी पुस्तकी मराठी कुठून आली, हे मलाही कळत नाही.

भाषेचा हा दोष पैशाच्या अभावातून येत नाही. साधे बोलणे लिहायला अलंकारिक बोलण्यापेक्षा जास्त खर्च लागत नाही, जास्त कान लागतो. आदर म्हणजे अवघड शब्द, अशी समजूत करून घेतली की पात्रे एकमेकांशी बोलायचे सोडून प्रेक्षकांपुढे भाषण करू लागतात.

दुसऱ्या साच्यात संतांची जागा इस्पितळ घेते.

पुतण्या: इस्पितळ म्हणजे एक खाट, एक सलाइन आणि हिरवा पडदा. डॉक्टर चष्मा काढतो आणि म्हणतो, ‘आता सगळं त्या वरच्याच्या हातात.’

नाना: डॉक्टर खरंच तसं म्हणतात.

पुतण्या: म्हणतात, पण बिल हातात देऊन. इथं बिलाचं नाव नाही. मग सासू देवळात जाते, पायरीवर डोकं टेकते, एक गाणं होतं, आणि तिकडं पेशंटची बोटं हलतात. डॉक्टर धावत येतो: ‘हा चमत्कार आहे!’ सहा वर्षं शिकलेल्या माणसाला शेवटी एवढंच बोलायचं असतं.

नाना: ज्याच्या घरातलं माणूस त्या खाटेवर असतं ना, त्याला ते गाणं लांबलचक वाटत नाही.

समर्थनाची बाजू

नानांचे हे शेवटचे वाक्य समर्थकांच्या बाजूचा कणा आहे. भक्तिपटाचा प्रेक्षक चित्रपट तपासायला बसत नाही, दर्शनाला बसतो. महाराष्ट्राला ही सवय सिनेमाच्या आधीपासून आहे. कोकणातल्या दशावतारात पेट्रोमॅक्सच्या उजेडात, एका बाकड्यावर स्वर्ग आणि पाताळ दोन्ही मावत. लळितात गावचीच माणसे सोंगे घेत, आणि कालचा शेजारी आज विष्णू म्हणून आला तरी लोक हात जोडत. कीर्तनकार तर एकटाच यशोदा, कृष्ण आणि गवळण होतो. त्याला वेश बदलावा लागत नाही, उपरण्याचे टोक डोक्यावरून घेतले की पुरते.

या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा 1975 सालचा आहे. विजय शर्मा यांनी दिग्दर्शित केलेला ‘जय संतोषी माँ’ हा छोट्या भांडवलाचा हिंदी चित्रपट त्याच वर्षी आला ज्या वर्षी ‘शोले’ आला. अनिता गुहा देवी झाल्या आणि उषा मंगेशकरांनी गायिलेली आरती घरोघरी पोचली. प्रेक्षक चपला बाहेर काढून आत बसत आणि पडद्यावर फुले व नाणी उधळत. शुक्रवारचे गूळ-चण्याचे व्रत कितीतरी घरांत या चित्रपटामुळे सुरू झाले.

नाना: बघ. ‘शोले’ बघून कुणी उपास धरला का?

पुतण्या: नाही, पण ‘शोले’चे संवाद अजून लोकांच्या तोंडात आहेत. आणि दशावताराचं म्हणाल, तर त्यातला शंकासुर राजालाही टोमणे मारतो. कीर्तनात बुवा मधेच पुढं बसलेल्या सावकाराची फिरकी घेतात. तिथं कापड स्वस्त असतं, बोलणं स्वस्त नसतं. या चित्रपटांनी दशावताराचं बाकडं घेतलं आणि टोमणा टाकून दिला.

नाना: हे मात्र खरं बोललास. बुवांनी हसवलं नाही तर मलाही कीर्तनात डुलकी लागते.

परदेशातली भावंडे

हा वाद एकट्या महाराष्ट्राचा नाही. ख्रिस्ती भक्तिपटांची वाटही अशीच गेली आहे. विजयचंदर यांनी येशूची भूमिका केलेला 1978 सालचा तेलुगू चित्रपट ‘करुणामयुडु’ हिंदीत ‘दयासागर’ झाला आणि प्रोजेक्टर घेऊन हिंडणाऱ्या धर्मप्रचारकांनी तो गावोगावी, मोकळ्या मैदानात दाखवला. अमेरिकेत तर चर्चनेच चित्रपट काढायला सुरुवात केली. जॉर्जिया राज्यातल्या अल्बनी इथल्या शेरवुड बॅप्टिस्ट चर्चने 2006 मध्ये ‘फेसिंग द जायंट्स’ हा फुटबॉलच्या प्रशिक्षकाचा चित्रपट केला. खर्च सुमारे एक लाख डॉलर, कामे करणारे बहुतेक चर्चचेच स्वयंसेवक, आणि उत्पन्न सुमारे एक कोटी डॉलर. त्याच मंडळींच्या 2008च्या ‘फायरप्रूफ’ला पाच लाख डॉलर लागले आणि त्याने तीन कोटींवर डॉलर मिळवले. त्यातला नायक अग्निशामक दलात आहे. लग्न वाचवायचे म्हणून तो घरातला संगणक अंगणात नेऊन बॅटने फोडतो. नट कर्क कॅमेरॉन यांचे तत्त्व असे की परस्त्रीचे चुंबन घ्यायचे नाही. म्हणून चुंबनापुरती त्यांची खरी पत्नीच नायिकेच्या जागी उभी राहिली आणि ते दृश्य सावलीत उरकले.

नाना: हे बघ, याला म्हणतात नेम. आपल्याकडं कुणी एवढं पाळतं का?

पुतण्या: आपल्याकडं त्या जागी दोन फुलं एकमेकांवर डोलायची. तो उपाय त्यांच्यापेक्षा स्वस्त होता. पण पुढचं ऐका. 2014 साली ‘गॉड्स नॉट डेड’ आला. त्यात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाकडून लिहून मागतो, की देव मेला. एक पोरगा नाही म्हणतो. मग वर्गात वाद. शेवटी प्राध्यापक हरतो, आणि रस्त्यात मोटार त्याला उडवते. मरता मरता तो देवाला शरण जातो.

नाना: मोटार कशाला? वादात हरला होता ना?

पुतण्या: तेच तर विचारतोय. वादात हरवल्यावर मोटार का लागते? कारण वाद लिहिणाऱ्यालाच खात्री नव्हती, की माणूस नुसत्या वादानं बदलेल.

सुमारे वीस लाख डॉलरमध्ये केलेल्या या चित्रपटाने सहा कोटींवर डॉलर कमावले. धंद्याच्या हिशेबात टीकाकार हरला आहे. पण कलेच्या हिशेबात या उदाहरणाने दुखणे नेमके दाखवले: श्रद्धेचा विरोधक कागदी असला की श्रद्धेचा विजयही कागदी होतो.

विरोधकाची किंमत

तुकोबांच्या चरित्रात हे पारखून पाहता येते. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असे परंपरा सांगते. पुढे तेच तुकोबांचे शिष्य झाले, आणि तुकोबांची आरतीही त्यांच्याच नावावर आहे. विद्वान माणूस एका कुणब्याच्या वाणीपुढे वाकतो, याहून मोठे नाट्य कुठल्याही लेखकाला फुकट मिळणार नाही.

पुतण्या: पण स्वस्त चित्रपट काय करतो? त्यांना कपाळभर गंध लावतो, कमरेवर हात ठेवून हसायला लावतो, मग अंगाचा दाह झाला म्हणून लोळवतो, आणि लगेच पायावर आणून घालतो. त्यांनी तुकोबांचा एखादा अभंग नीट वाचला असेल, रात्रभर झोप लागली नसेल, हे कुठंच नाही.

नाना: दाहाची कथा आहेच की परंपरेत.

पुतण्या: आहे, ठेवा. पण दाह अंगाला झाला एवढंच दाखवलंत, तर माणूस औषधानंही बरा झाला असता.

याच विषयावर अत्यंत यशस्वी चित्रपट आधीच होऊन गेलेला असल्याने तुलना टाळता येत नाही. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1936 साली आला. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे, लेखन शिवराम वाशीकरांचे, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात चमत्कारांची उणीव नाही. वह्या पाण्यातून वर येतात, आकाशातून विमान येते. आजच्या डोळ्यांना ती करामत साधी वाटेल. तरीही चित्रपट टिकला, कारण त्यात गौरीने केलेली जिजाई आहे. तिचे मूल आजारी पडते तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारते. शेवटी नवऱ्याला न्यायला वैकुंठाचे वाहन आले तरी तिचा पाय घरातून निघत नाही, कारण तिचा संसार इथे आहे. खलनायक सालोमालोसुद्धा नुसता दुष्ट नाही. तो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो, म्हणजे त्या अभंगांची किंमत त्याला कळलेली आहे. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत इतके जमले की पुष्कळांनी ते तुकोबांचेच मानले.

नाना: जिजाई म्हणजे आमच्या घरातलीच बाई. माझ्या आईनंही विठोबाला कमी बोल लावले नाहीत, आणि एकादशीही कधी मोडली नाही.

पुतण्या: मग आजच्या चित्रपटात ती नुसती डोळ्याला पदर का लावते?

नाना: कुणाच्या भावना दुखावतील म्हणून भीत असतील.

पुतण्या: प्रभातनं वहाण दाखवली तेव्हा लोकांनी चित्रपट वर्षभर डोक्यावर घेतला.

श्रद्धेची ताकद मोजायला समोर तितक्याच ताकदीचा नकार लागतो. जिजाईचा नकार खरा आहे, म्हणून तुकोबांची भक्ती खरी वाटते. अल्पखर्ची भक्तिपट काटकसर करतो ती नेमकी इथे. ब्रेक काढून घेऊन गाडीला दोनदा रंग द्यावा, तसे तो विरोधकाचे चार खरे प्रसंग वाचवतो आणि ते पैसे विमानाच्या संगणकीय करामतीवर घालतो. ते विमान मग बाळगोपाळांच्या खेळण्यासारखे दिसते ही गोष्ट दुय्यम. भारी दिसले असते तरी ते आले कशासाठी, हे प्रेक्षकाला आतून पटले नसते.

एक न काढलेला चित्रपट

कमी पैशांत काय साधता येईल, याचे उदाहरण चाकणच्याच मातीत आहे. संताजी जगनाडे यांचा जन्म परंपरेने चाकणचा मानला जातो. जातीने आणि धंद्याने तेली, घाण्यावर राबणारे. तुकोबांचे टाळकरी आणि लेखनिक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकात तुकोबांचा गाथा छापला. त्यांच्या अंताविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. जो मागे राहील त्याने दुसऱ्याला मूठमाती द्यायची, असे दोघांचे ठरले होते. तुकोबा आधी गेले. संताजींना मातीत ठेवले तेव्हा कितीही माती लोटली तरी मुख झाकेना. मग तुकोबा वैकुंठाहून आले आणि त्यांनी तीन मुठी माती टाकली.

पुतण्या: आता हा चित्रपट स्वस्तातल्या निर्मात्याच्या हाती द्या. सगळं भांडवल परतीच्या विमानात जाईल. ढग, किरण, कडेला नाचणाऱ्या अप्सरा.

नाना: विमान कशाला? त्या गोष्टीला लागते ती माती. ती आपल्याकडं फुकट आहे.

पुतण्या: हेच तर मी मघापासून सांगतोय!

नाना: तू मघापासून दाढी आणि टॉवर सांगत होतास. घाण्यावर दिवसभर बैलामागं फिरलेला माणूस रात्री समईपुढं बसून दुसऱ्याचे शब्द उतरवतो. घरचे विचारत असतील, याचे पैसे किती मिळतात? तो काय उत्तर देत असेल? एवढं दाखवलं तरी मी मोबाइल खाली ठेवणार नाही.

पुतण्या: घरच्यांचा तो प्रश्न ठेवलात म्हणजे तुमची जिजाई आली. आणि शेवटी मित्राच्या तोंडावर माती पडत नाही, हा चमत्कार मीसुद्धा मानीन. त्यात देव किती आणि मैत्री किती, हे मला विचारू नका.

नाना: ते मीही विचारत नाही. पण टॉवर चौकटीत आला तर तुझ्याआधी मीच ओरडणार.

निकष

दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की अल्पखर्ची भक्तिपट पारखण्याचे काही निकष निघतात. खर्च कमी असणे हा दोष नाही. फाळक्यांपासून ‘जय संतोषी माँ’पर्यंत या प्रकाराची वाढ तुटपुंज्या भांडवलावरच झाली आहे. हयगय हा दोष आहे, पण प्रेक्षक तो भक्तीच्या खाती टाकतो, म्हणून निर्मात्याला त्याची शिक्षा होत नाही आणि सुधारणाही होत नाही. पुस्तकी भाषा हा त्याहून मोठा दोष, कारण संतांनी लोकांच्या बोलीत आणलेले त्यामुळे पुन्हा लोकांपासून दूर जाते. सर्वांत मोठा दोष म्हणजे संशयाला, रागाला आणि विरोधाला पडद्यावर जागा न देणे. ज्या चित्रपटात देव न मानणाऱ्याचेही एखादे वाक्य प्रेक्षकाला पटते, त्यात शेवटी हात जोडले गेले तर ते मनापासून जोडले जातात. समर्थकाने चित्रपटाकडे भाविकाच्या नजरेने पाहावे, टीकाकाराने तपासनिसाच्या. निर्मात्याला मात्र दोन्ही नजरा लागतात, कारण त्याचा प्रेक्षक एकाच खोलीत दोघांच्या मधे बसलेला असतो.